वाचा, वाचन आणि साक्ष : हिंसाग्रस्त विकलांग स्त्रियांसाठीच्या सेवांची सुगमता (सुपेला–भिलाईच्या संदर्भात)

अन्यायाची दखल घेतली जाण्यासंबंधीचे मराठीतील बहुतेक शब्दप्रयोग वाणी आणि श्रवण यांच्याशी निगडित आहेत. अत्याचाराला ‘वाचा फुटते’, पीडित व्यक्ती ‘तोंड उघडते’, समाज ‘आवाज उठवतो’, न्यायालयात ‘सुनावणी’ होते. हिंदीतील ‘सुनवाई’ आणि इंग्रजीतील ‘हिअरिंग’ हे शब्दही याच जातकुळीतले. म्हणजे न्याय मागणारी व्यक्ती बोलू शकते आणि तिचे बोलणे समोरच्याला कळते, हे गृहीतक भाषेतच रुजलेले आहे. हेल्पलाइन, पोलीस ठाणे, रुग्णालय, समुपदेशन केंद्र आणि न्यायालय यांची रचनाही त्याच गृहीतकावर उभी आहे. जी स्त्री कर्णबधिर आहे, जिची वाणी मेंदूच्या पक्षाघातामुळे अस्पष्ट आहे, जिला बौद्धिक अक्षमता आहे किंवा जी आक्रमकाला डोळ्यांनी पाहू शकलेली नाही, तिच्यापर्यंत ही रचना पोहोचते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सुगमतेचा अर्थ उतरता मार्ग आणि रुंद दरवाजा एवढाच नसून, पीडितेच्या स्वतःच्या अभिव्यक्तीला पूर्ण साक्षीचा दर्जा देणे आणि त्या अभिव्यक्तीसाठी स्वतंत्र, निःपक्ष अनुवादक उपलब्ध करणे हा तिचा गाभा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. प्रश्न अनुवादाचा असल्यामुळेच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

१. संज्ञांचा विचार

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. १९९५ च्या केंद्रीय कायद्याच्या काळात मराठी शासनव्यवहारात ‘अपंग’ हा शब्द रूढ होता. २०१६ च्या कायद्यानंतर ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय लेखनात आला. या शब्दाबद्दल विकलांगांच्या चळवळीत मतभेद आहेत. उणिवेला दैवी गुण ठरवून अडचणींवर पांघरूण घातले जाते, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय. प्रस्तुत लेखात कायद्याचे नाव वगळता ‘विकलांग’ हाच शब्द योजिला आहे.

हिंसेला तोंड देऊन जगत राहिलेल्या स्त्रीसाठी मराठीत ‘बळी’, ‘पीडिता’, ‘अत्याचारग्रस्त’ असे शब्द आहेत. इंग्रजीतील ‘सर्व्हायव्हर’ या शब्दातील जिवंत राहिल्याचा भाव त्यांपैकी एकातही नाही. तो भाव ज्या मराठी क्रियापदात आहे ते ‘वाचणे’ होय. आणि याच क्रियापदाचा दुसरा अर्थ मजकूर समजून घेणे असा आहे. ‘वाचलेली’ म्हणजे जगलेली, आणि ‘वाचलेली’ म्हणजे समजून घेतली गेलेली. हे दोन अर्थ प्रत्यक्षात किती परस्परावलंबी आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. स्थलविशेष : सुपेला

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करार १९५५ मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी आखीव सेक्टर वसविण्यात आले; त्यांच्या बाहेर, ग्रेट ईस्टर्न मार्गालगत, बाजार, दुकाने, भाड्याच्या खोल्या आणि मजुरांच्या वस्त्या वाढत गेल्या. सुपेला हा त्यांपैकीच एक गजबजलेला भाग. छत्तीसगढच्या खेड्यांतून आलेल्या कुटुंबांबरोबर आंध्र, ओडिशा, बंगाल, केरळ, पंजाब आणि विदर्भ येथून आलेल्या कुटुंबांनी भिलाई बहुभाषिक केली. मराठीचा येथील संबंध त्याहून जुना आहे. छत्तीसगढवर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता.

सुपेल्यात पोलीस ठाणे आहे आणि लालबहादूर शास्त्री शासकीय रुग्णालयही आहे. जिल्ह्याचे मुख्यालय दुर्ग येथे आहे. हिंसाग्रस्त स्त्रियांना पोलीस, वैद्यकीय, कायदेविषयक व मानसिक साहाय्य एकाच छताखाली देणारे ‘सखी’ एकल केंद्र देशात सर्वप्रथम जुलै २०१५ मध्ये रायपूर येथे, म्हणजे भिलाईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, सुरू झाले. त्यामुळे या सेवांची चर्चा करताना छत्तीसगढचा विचार प्रथम करणे उचित ठरते. २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे सव्वासहा लाख, तर देशात सुमारे २ कोटी ६८ लाख विकलांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या.

अशा वस्तीतील एखाद्या कर्णबधिर स्त्रीची भाषिक स्थिती कल्पून पाहावी. घरात छत्तीसगढी, तेलुगू किंवा मराठी बोलली जाते. ठाण्यातील आणि रुग्णालयातील व्यवहार हिंदीत चालतो. निकालपत्रे व कायदे यांची मूळ भाषा बहुधा इंग्रजी असते. ती विशेष शाळेत शिकली असेल तर तिला भारतीय सांकेतिक भाषा अवगत असेल. शाळेत गेली नसेल तर केवळ घरच्या माणसांना कळणाऱ्या खुणा हेच तिचे भाषाधन. तिचा अनुभव खुणांतून घरच्या बोलीत, बोलीतून हिंदीत आणि हिंदीतून कायद्याच्या परिभाषेत जातो. यातील पहिला अनुवाद करणारी व्यक्ती बहुधा आई, सासू, पती किंवा दीर असते. हिंसा घरातच घडलेली असेल तर मूळ संहिता आणि जग यांच्यामध्ये आरोपी किंवा त्याचा आप्तच उभा राहतो.

कायदा स्थानिक भाषेपर्यंत पोहोचू शकतो याचे उदाहरणही याच राज्यात आहे. २००५ च्या ‘छत्तीसगढ टोनही प्रताडना निवारण अधिनियमा’ने चेटकीण ठरविल्या गेलेल्या स्त्रीसाठीचा ‘टोनही’ हा छत्तीसगढी शब्दच कायद्याच्या नावात घेतला. ज्या शब्दाने छळ होतो तो शब्द कायद्याने ओळखला. आता शब्द नसलेल्या खुणाही ओळखण्याची सोय यंत्रणेत व्हावयास हवी.

३. साहित्यातील पूर्वसूत्रे

वाणी हिरावली गेल्यावरही साक्ष शक्य असते, ही जाण साहित्यात फार जुनी आहे. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या सहाव्या सर्गात टेरियस फिलोमेलावर बलात्कार करून तिची जीभ कापतो. ती घडलेला प्रकार वस्त्रात विणते आणि ते वस्त्र बहिणीकडे, प्रोक्नीकडे पाठविते. प्रोक्नी ते वाचते आणि तिला सर्व उमगते. मात्र हे वाचन खाजगीच राहते. दाद मागण्यासाठी कोणतीही सार्वजनिक व्यवस्था नसल्यामुळे कथा भीषण सूडाकडे वळते आणि त्यात एका बालकाचा बळी जातो.

शेक्सपिअरच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये हेच सूत्र अधिक दाहक रूपात येते. लॅव्हिनियाची जीभच नव्हे, तर हातही तोडले जातात, म्हणजे विणण्याचा मार्गही बंद होतो. ती प्रथम ओव्हिडच्या ग्रंथातील फिलोमेलेच्या कथेकडे लक्ष वेधते. नंतर तिचा काका मार्कस तोंडात काठी धरून वाळूत कसे लिहिता येईल हे स्वतः करून दाखवितो, आणि ती त्या रीतीने अपराध्यांची नावे लिहिते. सुगमतेच्या दृष्टीने हा प्रसंग अत्यंत बोधक आहे. लॅव्हिनियाची आठवण, बुद्धी व इच्छा अबाधित होती. उणीव साधनाची होती. आज ज्यांना पर्यायी संप्रेषणसाधने म्हणतात, त्या चित्रफलकाचे आणि लेखनसाधनाचे कार्य येथे ग्रंथ व काठी करतात. शिवाय मार्कस काठी कशी वापरावी ते सुचवितो. काय लिहावे हे सुचवीत नाही. सुयोग्य दुभाषकाची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात याची उलट बाजू दिसते. लीला बेणारे वाणीने समर्थ आहे. पण तिचे दीर्घ स्वगत इतर पात्रे थिजलेली असताना येते आणि त्या खोट्या न्यायालयाच्या कामकाजात त्याची नोंद होत नाही. प्रेक्षकाला ते कळते, न्यायासनाला नाही. बोलता येणे आणि ऐकले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. या तिन्ही कृतींतून मिळणारे तात्पर्य असे की, साक्ष ही केवळ सांगणाऱ्याची क्षमता नसून वाचणाऱ्याची जबाबदारीही असते.

४. न्यायनिर्णयांचा प्रवास

ही जबाबदारी भारतीय न्यायव्यवस्थेने क्रमाक्रमाने स्वीकारली. तिचा आरंभ महाराष्ट्रातील एका प्रकरणापासून धरता येतो. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. प्रतिकाराच्या खुणा नसल्याचा अर्थ संमती असा लावला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात संमती आणि शरणागती यांतील भेद मांडला. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ ची कायदादुरुस्ती झाली.

हाच भेद विकलांगतेच्या संदर्भात २००३ मध्ये गोव्यातील तुळशीदास कानोळकर खटल्यात आला. पीडितेची बौद्धिक क्षमता अत्यल्प असताना आरोपीने संमतीचा बचाव घेतला होता. कृत्याचा अर्थच ज्या व्यक्तीस कळत नाही तिच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. त्याच निकालात, केवळ शारीरिक वयाऐवजी मानसिक वयाचाही विचार विधिमंडळाने करावा, असेही सुचविण्यात आले. ही सूचना सहानुभूतीची असली तरी तिच्यात एक धोका आहे. प्रौढ स्त्रीला कायमचे बालक मानले, की तिच्या होकाराबरोबर तिचा नकारही निरर्थक ठरतो आणि निर्णयाचा अधिकार पालकाकडे किंवा संस्थेकडे जातो.

त्या अधिकाराचे टोक महाराष्ट्राने पाहिलेले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली व स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात करण्यात आल्या. मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. स्त्री-संघटनांच्या विरोधानंतर हा कार्यक्रम थांबला. अशा शस्त्रक्रियेने अत्याचार थांबत नाही, अत्याचारातून होणारी गर्भधारणा तेवढी थांबते. म्हणजेच गुन्ह्याचा एक पुरावा आधीच नाहीसा होतो, हा त्या वेळी घेतला गेलेला आक्षेप आजही विचारार्ह आहे. २००९ मध्ये चंदीगढच्या नारीनिकेतनातील पीडितेच्या प्रकरणात, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यातील ‘वय’ या शब्दाचा अर्थ मानसिक वय असा करण्यासही २०१७ मध्ये न्यायालयाने नकार दिला.

साक्षीच्या स्वरूपाबद्दल २०१२ चा राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंह हा निर्णय मूलभूत आहे. खुनाच्या या खटल्यात मुख्य साक्षीदार कर्णबधिर व मूक स्त्री होती आणि तिच्या वडिलांनीच दुभाषकाचे काम केले होते. अशा साक्षीच्या वेळी दुभाषकाने सांगितलेल्या अर्थाबरोबरच साक्षीदाराच्या प्रत्यक्ष खुणाही नोंदविल्या पाहिजेत, दुभाषकाचा प्रकरणात हितसंबंध नसावा आणि साक्षीदारास लिहिता येत असल्यास लेखी साक्ष घेणे श्रेयस्कर, असे न्यायालयाने म्हटले. या गोष्टी न झाल्याने ती साक्ष टिकली नाही. अनुवादाच्या अभ्यासकास ही भूमिका परिचित वाटेल : मूळ संहिता नष्ट करून केवळ भाषांतर जतन केले, तर भाषांतराची सत्यता पारखणार कशी?

न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर झालेल्या २०१३ च्या फौजदारी कायदादुरुस्तीने यातील बरेच काही कायद्यात आणले. विकलांग पीडितेची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, दुभाषक वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदविणे व तिचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले. न्यायदंडाधिकाऱ्यासमोरील चित्रित जबाब सरतपासणीच्या जागी ग्राह्य झाला. संमती शब्दांप्रमाणेच हावभावांनीही व्यक्त होऊ शकते, हे व्याख्येत आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम या कायद्यांत या तरतुदी कायम आहेत.

एप्रिल २०२१ मधील पाटण जमाल वली खटल्यात पीडिता जन्मतः दृष्टिहीन आणि अनुसूचित जातीची होती. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते. जगाशी वेगळ्या इंद्रियांनी संबंध ठेवणाऱ्या व्यक्तीची साक्ष त्या कारणास्तव दुय्यम ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले आणि लिंग, जात व विकलांगता यांच्या एकत्रित परिणामाची चर्चा केली. महाराष्ट्रातून गेलेल्या स्मृती बडदे प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये ‘असुरक्षित साक्षीदार’ या संज्ञेत विकलांग व्यक्तींचा समावेश होऊन, प्रत्येक जिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे निर्देश देण्यात आले.

५. सेवांची सुगमता : प्रत्यक्ष टप्पे

न्यायालय हा शेवटचा टप्पा होय. तेथपर्यंतचा मार्ग ज्या सेवांतून जातो त्यांची सुगमता प्रत्येक टप्प्यावर वेगळी तपासावी लागते.

पहिला टप्पा संपर्काचा. १८१ ही महिला हेल्पलाइन ध्वनीवर आधारित आहे. कर्णबधिर स्त्रीला संदेश किंवा दृश्यसंभाषणाचा मार्ग नसेल, तर फोन करण्यासाठीही तिला घरच्या माणसावर अवलंबून राहावे लागते. जिच्याजवळ फोनच नाही तिच्यासाठी मितानिन, अंगणवाडी सेविका किंवा विशेष शिक्षिका याच पहिल्या वाचक ठरतात. म्हणून त्यांचे प्रशिक्षण हा सेवेचाच भाग मानला पाहिजे.

दुसरा टप्पा पोलीस ठाण्याचा. घरी जाऊन फिर्याद नोंदविण्याची सोय उपकारक खरी. पण आरोपी त्याच घरात असेल तर तीच सोय अडचण होते. म्हणून कायद्यातील ‘पसंतीचे ठिकाण’ हा पर्याय पीडितेला समजेल अशा रीतीने सांगणे महत्त्वाचे. प्रत्येक जिल्ह्यात दुभाषकांची व विशेष शिक्षकांची अद्ययावत यादी ठाण्यात हवी. शेजारच्या राजनांदगाव येथील संयुक्त क्षेत्रीय केंद्रासारख्या पुनर्वसनसंस्था दुर्ग जिल्ह्याला यासाठी साहाय्यभूत होऊ शकतील. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने या भाषेचे शब्दकोश सिद्ध केले आहेत. तथापि कोशातील भाषा आणि घरगुती खुणा यांतील अंतर लक्षात घेता, कर्णबधिर व्यक्तीच मधली दुभाषक म्हणून घेण्याची पद्धत उपयुक्त ठरते : ती घरगुती खुणा प्रमाण सांकेतिक भाषेत आणते आणि दुसरा दुभाषक त्या हिंदीत मांडतो.

तिसरा टप्पा रुग्णालयाचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या वैद्यकीय तपासणीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत विकलांग व्यक्तींचा स्वतंत्र विचार आहे. तपासणीचा प्रत्येक टप्पा समजावणे, संमती घेणे आणि नातेवाईकाऐवजी निःपक्ष दुभाषक वापरणे अपेक्षित आहे. रुग्णालय हे हिंसा ओळखण्याचे ठिकाण असू शकते, हे मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी या शतकाच्या आरंभी सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने दाखवून दिले. विकलांग स्त्री औषधासाठी, प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात येतेच. तिला सोबतच्या माणसाला बाहेर बसवून एकटीने विचारपूस करणे, ही खर्चाविना होणारी सुधारणा आहे.

चौथा टप्पा निवाऱ्याचा आणि घराचा. सखी केंद्रात तात्पुरता निवारा साधारण पाच दिवसांचा असतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा दैनंदिन मदत लागणाऱ्या स्त्रीला अनोळखी इमारतीत हलविणे म्हणजे तिची उरलीसुरली स्वायत्तताही काढून घेणे ठरू शकते. अशा वेळी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील निवासाचा आदेश अधिक मोलाचा असतो; तिच्याऐवजी हिंसक पुरुषाला घराबाहेर जाण्यास सांगता येते. हा कायदा पत्नीपुरता मर्यादित नाही. आई, बहीण, मुलगी यांनाही तो लागू होतो. त्यातील शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक हिंसेच्या व्याख्येत कुबड्या लपवून ठेवणे, औषध न देणे, निवृत्तिवेतन काढून घेणे, खोलीत कोंडणे हे प्रकार बसतात. पण संरक्षण अधिकाऱ्याने ते नावानिशी विचारले नाहीत, तर ते ‘काळजी’ या सदरात लपून जातात. हिंसा करणाराच काळजीवाहक असेल तर त्याला दूर करताना पर्यायी मदतनिसाची सोय त्याच दिवशी करावी लागते. ती नसेल तर तक्रार मागे घेतली जाणे जवळपास अटळ होते.

पाचवा प्रश्न संस्थांचा. नवी मुंबईतील कळंबोलीच्या बालगृहातील विकलांग मुलींवरील अत्याचाराचे २०११ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण असे दर्शविते, की घरातील हिंसेवरचा उपाय म्हणून जी संस्था सुचविली जाते तीही तितकीच बंदिस्त असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ७ नुसार अशा हिंसेची माहिती कोणीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देऊ शकते, आणि पोलिसांनी पीडितेस विनामूल्य कायदेसाहाय्य व जवळची संस्था यांची माहिती देणे आवश्यक आहे. ही तरतूद फारशी परिचित नाही. तिचा प्रसार ही अल्पखर्चाची पण परिणामकारक सेवा होईल.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, कायद्याने २००३ ते २०२४ या काळात विकलांग स्त्रीच्या साक्षीला तत्त्वतः पूर्ण मान्यता दिली आहे. उरलेले अंतर कायदा आणि सेवा यांच्यातले आहे, आणि ते मुख्यतः अनुवादाचे आहे. सुपेल्यासारख्या बहुभाषिक औद्योगिक वस्तीत हे अंतर अधिक जाणवते. परंतु अनेक भाषांतून रोज मार्ग काढणाऱ्या अशाच समाजात दुभाषकांची परंपरा निर्माण होण्याची शक्यताही अधिक असते.

या कार्यात भाषा व साहित्य विभागांना निश्चित वाटा उचलता येईल. घरगुती खुणांच्या नोंदी, छत्तीसगढी व मराठीतील शरीर आणि हिंसा यांविषयीच्या शब्दांचे संकलन, सोप्या भाषेतील संमतिपत्रे आणि न्यायालयीन दुभाषकांसाठी आचारसंहिता ही कामे भाषाभ्यासकांच्या कक्षेतील आहेत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन, किंवा चाकाच्या खुर्चीवरून स्वतंत्र जीवन जगणाऱ्या सोनाली नवांगुळ यांनी सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा केलेला आणि २०२० चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळालेला ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा अनुवाद, ही विकलांग स्त्री केवळ वर्ण्यविषय नसून कथनकर्ती आणि अनुवादकही असते याची मराठीतील उदाहरणे होत. सेवांच्या आखणीत तिला हेच स्थान मिळाले पाहिजे. जी स्त्री वाचली जात नाही, तिचे वाचणेही दैवाधीन राहते. ‘वाचणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ एकत्र आणण्याचे काम ठाण्यातील, रुग्णालयातील आणि केंद्रातील प्रत्येक वाचकावर आहे.